गुडघा बदलल्यावर दुखणे गेले, पण तोल आणि चाल सावरत नाही : व्यायाम कोणते आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न : अबोली

नमस्कार. माझ्या आईचे वय ६८ असून तिच्या उजव्या गुडघ्यावर संपूर्ण सांधेबदलाची शस्त्रक्रिया होऊन सुमारे तीन महिने झाले आहेत. जखम व्यवस्थित भरली आहे, एक्स-रे चांगला असल्याचे सर्जननी सांगितले आहे, गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो आणि पूर्वी झोप मोडणारे दुखणे आता राहिलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे दोन्ही पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूला बरेच वाकलेले होते. त्यांपैकी उजवा आता सरळ झाला आहे, डावा तसाच आहे.

असे असूनही तिची चाल अजून खात्रीची वाटत नाही. उजवा पाय ती गुडघ्यात न वाकवता ताठ पुढे टाकते आणि त्यावर जेमतेम क्षणभर भार देऊन लगेच डाव्या पायावर येते. वळताना ती थबकते आणि हात आपोआप भिंतीकडे जातो. जिना चढणे जमते, उतरण्याची मात्र तिला भीती वाटते. पहाटे कमी उजेडात उठल्यावर ती काही वेळा पडता पडता सावरली आहे. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी सुरुवातीचे काही आठवडे गुडघा वाकवण्याचे आणि मांडीच्या ताकदीचे व्यायाम करून घेतले, आणि पुढे रोज चालत राहण्याचा सल्ला देऊन उपचार थांबवले.

तीन महिन्यांनंतरही तोल असा कच्चा असणे अपेक्षित आहे का? नियमित चालण्याने तो सुधारतो, की त्यासाठी वेगळे व्यायाम असतात? ते घरी करताना पडण्याचा धोका कसा टाळावा? आणि काठी कधी सोडावी? घरात ती काठी वापरत नाही, बाहेर वापरते, आणि ती उजव्याच हातात धरते, कारण तिच्या मते शस्त्रक्रिया झालेल्या बाजूलाच आधार हवा.

उत्तर : पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये सांधेबदल झालेल्यांची संख्या मोठी असते. आपले वर्णन नेमके असल्यामुळे काही गोष्टी बऱ्याच खात्रीने सांगता येतील. तरीही आईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञाचे मत माझ्या मतापेक्षा वरचे मानावे.

या टप्प्यावर तोल कच्चा असणे सर्रास आढळते, परंतु तो वेळ गेला की आपोआप सुधारेल असे मानून स्वस्थ बसणे योग्य नाही. नव्या सांध्यामुळे वेदना जाते आणि पायाची रेषा सरळ होते. त्या पायावर निर्धास्तपणे उभे राहणे मात्र स्नायूंना आणि मेंदूला नव्याने शिकावे लागते. नुसते चालत राहिल्याने हे शिकणे अपुरे राहते, कारण चालताना शरीर आपली सोय पाहते आणि दुबळ्या पायावरचा वेळ कमी करून बळकट पायावर भागवते. अशा चालीने कितीही अंतर चालले तरी सराव त्या सदोष चालीचाच होतो. म्हणून तोलाचे व्यायाम वेगळे करावे लागतात.

यामागची कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती समजली की व्यायामांचा क्रम आपोआप कळतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात आपली निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक ताकद गमावतो. ही घट केवळ स्नायू बारीक झाल्यामुळे होत नाही. सांध्यात सूज असली की या स्नायूला मज्जारज्जूतून मिळणारे आदेशच दाबले जातात. निरोगी माणसाच्या गुडघ्यात थोडा निर्जंतुक द्रव टोचून सूज निर्माण केली तरी हा स्नायू पूर्ण जोराने आखडत नाही, हे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे व्यायामानंतर पाय उंच ठेवणे आणि पातळ कापडातून १५ ते २० मिनिटे बर्फाने शेकणे यांना मी ताकदीच्या व्यायामाइतकेच महत्त्व देतो. चालताना टाच टेकल्यानंतर निरोगी गुडघा साधारण १५ ते २० अंश वाकतो आणि शरीराचा भार झेलतो. त्या वेळी गुडघा आणखी वाकून पाय कोसळू नये, हे काम क्वाड्रिसेप्स करतो. या स्नायूचा भरवसा नसला की माणूस नकळत ते वाकणेच टाळतो. आईंच्या ताठ पावलाचे मूळ बहुधा येथेच आहे आणि म्हणूनच ‘पाय वाकवून चाल’ असे वारंवार सांगून फारसा उपयोग होणार नाही.

दुसरे कारण सांध्याच्या जाणिवेचे आहे. शस्त्रक्रियेत झिजलेल्या कूर्चेबरोबर गुडघ्यातील दोन्ही गाद्या काढल्या जातात, आणि बहुतेक कृत्रिम सांध्यांच्या रचनेत सांध्याच्या आतील पुढचा अस्थिबंधही काढावा लागतो. मागचा अस्थिबंध रचनेनुसार ठेवतात किंवा काढतात. गुडघा किती वाकला आहे आणि कोणत्या बाजूला कलतो आहे याची माहिती मेंदूकडे पाठवणारी चेतातंतूंची टोके या भागांतही असतात. ती गेल्यावर त्यांचे काम बाजूचे अस्थिबंध, सांध्याभोवतीचे आवरण, स्नायू, त्यांचे कंडरे आणि तळपायाची त्वचा यांना करावे लागते. हे काम ती चांगले करू शकतात, पण त्यांना सराव लागतो, आणि तोपर्यंत तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांवर जास्त विसंबावे लागते. पहाटेच्या अंधूक उजेडात आईंचा तोल जातो याचे हे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

तिसरी गोष्ट आईंच्या बाबतीत विशेष लागू पडते. अनेक वर्षे बाहेरच्या बाजूला वाकलेल्या पायांवर भार पेलण्याची शरीराची जी पद्धत बसलेली असते, ती पाय सरळ झाल्यावर चालेनाशी होते. एक पाय सरळ आणि दुसरा वाकलेला अशा स्थितीत नवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. ही तक्रार पुष्कळ जण करतात आणि बहुतेकांची ती काही महिन्यांत कमी होते. शिवाय खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू बराच काळ नीट वापरले न गेल्याने दुबळे झालेले असतात. आपण एका पायावर असतो त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला ढळू न देणे हे त्यांचे काम असते आणि चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एकाच पायावर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते.

व्यायाम सुरू करण्याआधी तीन गोष्टी घरीच पाहाव्यात. आईंना कडक अंथरुणावर उताणे झोपवून, गुडघ्याखाली काही न ठेवता, उजवा पाय सैल सोडायला सांगा आणि गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाला टेकते का ते बघा. मग तोच पाय सरळ ठेवून वर उचलताना गुडघा किंचित वाकून राहतो का ते पाहा. शेवटी, हात न टेकता खुर्चीवरून उठताना त्या डावीकडे झुकतात का हे समोरून पाहा. पहिल्या तपासणीत गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर तोलाच्या आधी त्याकडे लक्ष द्यावे लागेल, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहताना क्वाड्रिसेप्सला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही, तो लवकर थकतो आणि पाय आखूड असल्यासारखी चाल लंगडी होते.

ताकदीसाठी मी सर्वांत जास्त भर खुर्चीवरून उठण्या-बसण्यावर देतो, कारण या एकाच व्यायामात मांडी, खुबा आणि तोल यांचा एकत्र सराव होतो. सुरुवातीला खुर्ची उंच असावी, दोन्ही पावले एका रेषेत असावीत आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली जावे. खाली जाण्याचा तो संथ भागच जिना उतरण्याची तयारी करून घेतो. याच्या जोडीला आधार धरून गुडघे थोडेसे वाकवून पुन्हा सरळ होणे, सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम पायरीवर उजव्या पायाने चढणे, उभ्याने पाय बाजूला नेणे आणि चवड्यांवर उभे राहणे हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. आईंनी डाव्या पायालाही व्यायामातून वगळू नये.

तोलाचा व्यायाम मात्र जवळजवळ रोज, १० ते १५ मिनिटे, ताजेतवाने असताना करावा. सुरुवात भार सरकवण्यापासून करा. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवून आईंनी प्रत्येकावर एक पाऊल ठेवून उभे राहावे आणि तुम्ही आकडे वाचून दाखवावेत. दोन्ही पायांवर समान भार असल्याचे माणसाला वाटत असते, तेव्हाही काट्यांवर मोठा फरक दिसतो. तो आकडा पाहून शरीर जितक्या लवकर सुधारते तितके तोंडी सूचनांनी सुधारत नाही. ते जमले की दोन्ही पावले एकमेकांना चिकटवून उभे राहावे. नंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी येईल असे, त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थिती ३० सेकंदांपर्यंत स्थिर ठेवता आली की पुढची घ्यावी. आधारही असाच पायरीपायरीने कमी करावा: आधी दोन्ही हात, मग एक हात, मग फक्त बोटांची टोके, मग हात ओट्याच्या वर पण न टेकवता.

यापुढची अवघड रूपे म्हणजे उभे असताना मान डावी-उजवीकडे फिरवणे, हात लांब करून बाजूची वस्तू घेणे, घडी घातलेल्या जाड सतरंजीवर उभे राहणे आणि डोळे मिटणे. एका वेळी यांतले एकच वाढवावे. मऊ पृष्ठभाग आणि मिटलेले डोळे हे दोन्ही एकदम आणले तर सराव होत नाही, फक्त भीती वाढते.

सुरक्षिततेबाबत मी आग्रही आहे. समोर ओटा किंवा न हलणारे टेबल, मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची, पायांत टाच घट्ट धरणारी पादत्राणे आणि जमिनीवर पायपुसणे किंवा वायर नाही, एवढी व्यवस्था असल्याशिवाय तोलाचा व्यायाम सुरू करू नये. सोबत करणाऱ्याने उजव्या बाजूला किंचित मागे उभे राहावे आणि दंड ओढून न धरता हात कमरेजवळ तयार ठेवावा; दंड धरला की माणूस त्या हातावर रेलतो आणि तोलाचा सराव तेथेच थांबतो.

काठी डाव्या हातात हवी. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे गेले की उजव्या खुब्याच्या आणि गुडघ्याच्या स्नायूंवरचा भार हलका होतो आणि दोन आधारांमधले अंतर वाढून तोल सुधारतो. ती उजव्या हातात धरल्याने शरीर त्याच बाजूला कलते. काठी सोडण्यासाठी तारीख ठरवू नये. काठीशिवाय चालताना लंगडणे दिसत नसेल, वळताना हात आधार शोधत नसेल, आणि दमल्यावरही चाल तशीच राहत असेल, तेव्हा ती सोडावी. तोपर्यंत घरातही, विशेषतः रात्री आणि पहाटे, ती वापरलेली बरी.

उत्तर : मुशाफिर

माझ्या डाव्या गुडघ्याची हीच शस्त्रक्रिया झालेली आहे. वरचे उत्तर तज्ज्ञाचे असल्यामुळे व्यायामांबद्दल मी भर घालणार नाही. भीतीबद्दल मात्र सांगू इच्छितो, कारण आईंच्या वर्णनात मला ती स्पष्ट दिसते आणि घरच्यांना ती पुष्कळदा हट्ट किंवा आळस वाटते.

शस्त्रक्रियेनंतर आपला पाय आपल्याला परका वाटतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर असते, सांध्यात कधी कधी टकटक असा आवाज येतो, आणि पाऊल टेकल्यावर ते नेमके कुठे टेकले हे खाली पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी ‘घाबरू नका’ असे कोणी म्हटल्याने भीती जात नाही. आज एका हाताने धरून जमले, आता फक्त बोटे टेकवून जमते, असे स्वतःला दिसत गेले तरच ती जाते. म्हणून आईंना प्रत्येक टप्प्याची नोंद एका वहीत स्वतःच्या हाताने करू द्यावी असे मी सुचवेन. आकडा वाढलेला स्वतः लिहिताना जो विश्वास येतो, तो दुसऱ्याच्या कौतुकाने येत नाही.

वळताना थबकणे हा माझाही मोठा त्रास होता. मला सांगितले गेले की एका जागी पाय रोवून अंग फिरवू नये, तर लहान लहान तीन-चार पावले टाकत कमानीसारखे वळावे, आणि वळण्याआधी नजर वळायच्या दिशेला न्यावी. पुढे जमिनीवर दोन वस्तू ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे चालण्याचा सराव मला दिला गेला. त्यात दोन्ही बाजूंची वळणे येतात, आणि कोणते वळण अवघड जाते ते आपल्यालाच कळते.

जिन्याचा नियम आईंनी पाठ करून ठेवावा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले आणूनच पुढची पायरी. उतरताना खालच्या पायरीवर जाणारा पाय नव्हे, तर वर राहिलेला पाय शरीराला सावकाश खाली सोडत असतो. म्हणून तो बळकट असावा लागतो. एकाआड एक पायरीने उतरण्याची घाई करू नये.

चालताना मनात संथ लयीत ‘एक-दोन’ मोजणे हाही मला फार उपयोगी पडलेला उपाय आहे. लय समान ठेवायची झाली की नव्या पायावरचा वेळ आपोआप वाढतो. मात्र रस्ता ओलांडताना किंवा गर्दीत हे करू नये. तेथे लक्ष आजूबाजूलाच असावे.

उत्तर : रानपाखरू

मी निवृत्त डॉक्टर आहे. तोल जाण्याचे कारण नेहमी गुडघ्यातच असते असे नाही, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आईंचा तोल पहाटे उठल्यावर जातो, हे महत्त्वाचे आहे. झोपेतून उठताना रक्तदाब एकदम उतरत असेल तर व्यायामाने तो प्रश्न सुटणार नाही. पडून असताना, आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० इतका उतरत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्यांमध्ये बदल करावा लागू शकतो. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या तीव्र वेदनाशामकांपैकी काहींनी भोवळ येते, त्यामुळे अशी एखादी गोळी अजून चालू आहे का तेही पाहावे. स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये. उठताना आधी काही वेळ पलंगाच्या कडेला बसावे, घोटे वर-खाली हलवावेत आणि मग उभे राहावे. खोलीत मंद दिवा रात्रभर चालू असावा.

मधुमेह असेल तर तळपायांची संवेदना तपासून घ्यावी. ती कमी असेल तर वर सांगितलेला मऊ पृष्ठभागावरचा सराव तज्ज्ञ समोर असल्याशिवाय करू नये. जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणारा चष्मा असेल तर जिना उतरताना खालची पायरी पुसट दिसते. याचा विचार फारच क्वचित केला जातो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि अंतर्कर्णाचे विकार यांचीही तपासणी डॉक्टर गरजेनुसार सुचवतील.

सांधा काही महिने स्पर्शाला किंचित गरम लागणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची बधिरता आणि न दुखणारा टकटक आवाज यांची चिंता करू नये. पण पोटरीत नव्याने दुखणे व सूज, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, व्रणातून स्राव, वाढती लाली, कमी झालेले दुखणे पुन्हा वाढणे, किंवा गुडघ्याने एकाएकी दगा देणे यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. धाप आणि छातीत दुखणे असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

अबोली

सर्वांची मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. उजव्या गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाला पूर्ण टेकत नाही, खाली साधारण दोन बोटे जातील एवढी फट राहते. पाय सरळ उचलताना गुडघा किंचित वाकतो. खुर्चीवरून उठताना आई स्पष्टपणे डावीकडे झुकते आणि वजनकाट्यांवरही डाव्या बाजूचा आकडा बराच जास्त येतो. तो पाहून तिला स्वतःलाच आश्चर्य वाटले. उभे राहिल्यावर रक्तदाब थोडा उतरतो, पण आपण दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. रात्री झोपताना ती गुडघ्याखाली उशी घेते, कारण त्याने आराम वाटतो. काठी आता डाव्या हातात घेतली आहे.

दोन शंका आहेत. गुडघा पूर्ण सरळ करण्याची वेळ निघून गेली आहे का? आणि डावा गुडघा झिजलेला व दुखरा असताना त्याच्यावर उभे राहून व्यायाम कसे करावेत?

उत्तर : पाऊलवाट

नोंदी अतिशय उपयुक्त आहेत. गुडघ्याखालची उशी आजपासून बंद करावी. त्या स्थितीत आराम वाटतो हे खरे आहे, परंतु रात्रभर वाकलेला राहिल्याने गुडघ्यामागचे स्नायू व आवरण आखडत जाते आणि दिवसभराच्या व्यायामाचा परिणाम पुसला जातो. पाय उंच करायचा असेल तर उशी टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने खाली उतरतो.

वेळ निघून गेलेली नाही, पण दवडण्यासारखीही नाही. पहिल्या बारा आठवड्यांत सांध्याभोवतीच्या ऊती जितक्या सहज ताणल्या जातात तितक्या पुढे जात नाहीत; तरीही दोन बोटांची फट नेटाने केलेल्या व्यायामाने पुष्कळ कमी होऊ शकते. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाय सैल सोडून पाच ते दहा मिनिटे पडून राहावे आणि हे दिवसातून तीन-चार वेळा करावे. त्यानंतर लगेच मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबावी, पाच सेकंद धरावी, सोडावी आणि असे दहा वेळा करावे. ताणून मिळवलेली हालचाल त्याच वेळी स्नायूच्या ताब्यात द्यावी लागते, नाहीतर ती टिकत नाही. सरळ पाय उचलताना गुडघा वाकतो याचा अर्थ शेवटच्या काही अंशांत क्वाड्रिसेप्स अजून दुबळा आहे. त्यासाठी गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून फक्त टाच वर उचलण्याचा व्यायाम द्यावा, आणि तो संपल्यावर गुंडाळी काढून टाकावी. स्नायू नीट आखडतच नसेल तर विद्युत उत्तेजनाचे यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असते. शस्त्रक्रियेनंतर लवकर वापरल्यास त्याचा उपयोग अधिक होतो, पण आताही विचारायला हरकत नाही. ही फट मोजून सर्जनना जरूर कळवा, आणि तीन-चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा.

डाव्या गुडघ्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. डाव्या पायावर एकट्याने उभे राहण्याचा व्यायाम दोन्ही हातांच्या आधाराने आणि थोडाच वेळ करावा, आणि गुडघे खोल वाकवण्याचे व्यायाम टाळावेत. डाव्या मांडीची ताकद बसून, पाय सरळ करून पायाला फार त्रास न देताही वाढवता येते. उजवा पाय आपला वाटा उचलू लागला की डाव्यावरचा जादा भार कमी होतो आणि त्याचे दुखणेही थोडे हलके होण्याची शक्यता असते. म्हणून वजनकाट्यांचा सराव मी आईंच्या बाबतीत पहिल्या क्रमांकावर ठेवेन. खुर्चीवरून उठताना उजवे पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे ठेवले की उजव्या पायाला काम करावेच लागते. मात्र हा बदल समान पावलांवर नीट उठता येऊ लागल्यानंतरच करावा.

चालण्यासाठी सध्या लांब फेऱ्या नकोत. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, पण टाच आधी टेकवून आणि दोन्ही पावले सारख्या लांबीची टाकत चालावे. ओट्याला धरून बाजूने चालण्याने खुब्याचे स्नायू तयार होतात. मागे चालण्याने गुडघा सरळ होण्यास मदत होते आणि क्वाड्रिसेप्सला चांगले काम मिळते, पण ते आधार धरून आणि कोणी सोबत असतानाच. वाटेत कमी उंचीची वस्तू ठेवून ती ओलांडणे आणि चालता चालता साधे बोलणे हे त्यापुढचे टप्पे आहेत. बोलताना पाय थांबत असतील तर चाल अजून पुरेशी सवयीची झालेली नाही असे समजावे.

प्रगती मोजण्यासाठी तीन सोप्या चाचण्या पुरतात, आणि त्या दर दोन आठवड्यांनी, सोबत कोणी असतानाच घ्याव्यात. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका जास्त मानतात. काठी लागत असेल तर ती वापरूनच चाचणी घ्यावी. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रियांसाठी ११ पेक्षा कमी संख्या सरासरीखाली धरली जाते. एका पावलापुढे दुसरे अशा एका रेषेतल्या स्थितीत १० सेकंद उभे राहता आले नाही तर तोही सावधगिरीचा इशारा असतो. पहिल्या मोजणीत आकडे कमी आले तर आईंना नाउमेद होऊ देऊ नका; ते आकडे व्यायाम कुठून सुरू करायचा हे ठरवण्यासाठी असतात.

व्यायाम किती वाढवायचा हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवा. रात्री थोडे ठणकले आणि सकाळी शमले तर प्रमाण योग्य आहे. सकाळी सूज वाढलेली असेल किंवा गुडघा आदल्या दिवसापेक्षा कमी वाकत असेल तर त्या दिवशी ताकदीचे व्यायाम वगळावेत, टाचेखालचा ताण आणि बर्फ चालू ठेवावा, आणि पुढच्या वेळी आवर्तने निम्मी करावीत. महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून चाल प्रत्यक्ष तपासून घ्या, आणि त्या भेटीत आईंची वही सोबत न्या. वजनकाट्यांचे दोन्ही बाजूंचे आकडे आणि गुडघ्याखालच्या फटीचे माप त्यांत तारखेसह असले तर पुढचा व्यायाम ठरवणे त्यांना फार सोपे जाईल.